कबरस्तानात जाताय? फ्लॅश चार्ज करून ठेवा

मेक्सिकोत मृतांचा सण पाहायला जायचं तर हॉटेल ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात शोधावं. महिने-महिने आधी बुकिंग करणारे लोक भित्रे असतात. मुक्काम मोरेलियात ठेवा, आणि 1 नोव्हेंबरला अंधार पडल्यावर निवांत गाडी काढा. जिथल्या कबरस्तानांत लोक रात्रभर आपल्या मृतांपाशी बसतात, ते पात्स्क्वारो सरोवर जेमतेम साठ किलोमीटर. तासाभराच्या रस्त्याला निम्मी रात्र कशी लागते, हे पुढच्या गाडीचे लाल दिवे मोजताना आपोआप कळतं. स्वेटर नको, मेक्सिको म्हणजे उकाडाच! सरोवर दोन हजार मीटरहून उंच आहे आणि होडीत वारा झोंबतो, पण फोटोत कुडकुडणं दिसत नाही.

सरोवरातल्या हानित्सियो बेटावरच जा. सगळे तिथेच जातात. बाकीची बेटं आणि काठावरची गावं शांत असतात, तिथे तुम्हाला कोण पाहणार? तोंडावर कवटी मात्र रंगवून घ्या. तिथल्या मूळच्या पुरेपेचा समाजाच्या बायका कोरा चेहरा आणि रेबोसो, म्हणजे अंगावरची शाल, घेऊन बसलेल्या असतात. सण कसा साजरा करतात हे त्यांना कुणीतरी दाखवायलाच हवं. पोसादा नावाच्या मेक्सिकन चित्रकाराने ती मूळची टोपीवाली कवटी युरोपची नक्कल करणाऱ्यांची टर उडवायला काढली होती म्हणे. असेल.

कबरस्तानाच्या फाटकातून आत गेलात की सरळ रेषेत चाला. कित्येक कबरी म्हणजे नुसते मातीचे उंचवटे, त्यामुळे आपण कुणाच्या छातीवर उभे आहोत हे कळत नाही आणि अपराधी वाटत नाही. वाटेवर पसरलेल्या पाकळ्या झेंडूच्याच. हे फूल मूळचं तिथलं, आपल्याकडे ते नंतर आलं. दसऱ्याला तोरण बांधणाऱ्याने ते तुडवायला लाजायचं कारण नाही. मृतांना घरची वाट सापडावी म्हणून ती टाकलेली असतात, पण ते काय, दरवर्षी येतात. तुमचं तिकीट एकदाचं आहे.

कबरीवर पाव, फळं, मीठ, पाण्याचा पेला, गेलेल्याच्या आवडीची बाटली असं मांडलेलं असतं. भूक लागली तर उचला. पितृपंधरवड्यात कावळ्याच्या पानातला वडा तुम्ही उचलत नाही, पण परदेशात वेगळं असतं. पहाटे ते घरचेच वाटून खातात आणि सोबत बसलेल्यालाही देतात. तोवर कोण थांबणार?

आता फोटो. मेणबत्तीच्या उजेडात कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, 3200 आणि भरपूर उजेड आत घेणारी एफ 1.8 ची लेन्स असली तर फ्लॅश लागत नाही, म्हणूनच तो मारायचा. फ्लॅशने ज्योती फिक्या पडतात, कोपालचा, म्हणजे तिथल्या धुपाचा, धूर पांढऱ्या भिंतीसारखा उजळतो, आणि मागची म्हातारी एकदम भुतासारखी दिसते. तुम्हाला तेच तर हवं होतं! तिपाई दोन कबरींमधल्या फटीत रोवा. पाणी घेऊन येणारी पोरं वळसा घालतील.

म्हातारी काही बोलणार नाही. रेबोसो तोंडावर ओढून घेईल आणि विझलेली मेणबत्ती शेजारच्या ज्योतीवर धरेल. पुन्हा काढा, मघाशी हात हलला होता.