फॉस्फरसचा आकडा आणि कासवाची लांबी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की आमच्या टाकीतल्या हिरव्या समुद्री कासवाच्या रक्तात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा जास्त आलं, तरी मी आधीच्या नोंदीत 'वाढतं वय आहे' म्हणून विषय संपवला. तुमच्या मते ही मूत्रपिंड बिघडल्याची खूण आहे.

ही खूण असू शकते, हे तुमचं अगदी बरोबर. सरपटणाऱ्या प्राण्यांत मूत्रपिंड कमजोर झालं की फॉस्फरस वर आणि कॅल्शियम खाली जाऊ शकतं. पण मालवणकडे जाळ्यात सापडलेलं हे पोर जेमतेम ४१ सेंटिमीटरचं आहे. पूर्ण वाढलेलं हिरवं कासव मीटरभर लांब असतं. हाडं वाढत असताना फॉस्फरस चढंच असतं, आणि मादी अंड्यांवर आली की कॅल्शियम-फॉस्फरस दोन्ही उसळतात, कारण बलकाचं प्रथिन दोघांनाही धरून ठेवतं. म्हणून १९९२ साली बोल्टन आणि ब्योर्नडल या कासव-संशोधकांनी बहामातल्या कासवांच्या रक्ताचे आकडे अंगाच्या आकाराशी ताडून मांडले. लांबी न लिहिता नुसता आकडा छापणं मला पटत नाही.

नमुना कसा घेतला, हेही बघावं लागतं. मानेतली शीर वरून दिसत नाही, अंदाजाने सुई घालावी लागते. रक्त जोर लावून ओढलं की तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फरस बाहेर येतं. एकदा तर प्रयोगशाळेतून कॅल्शियम जवळजवळ शून्य आणि पोटॅशियम आभाळाला टेकलेलं आलं. आम्ही हादरलो! नंतर कळलं, रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत भरलं होतं. त्यात ईडीटीए असतं, म्हणजे रक्त गोठू न देणारा पोटॅशियमयुक्त क्षार; तो कॅल्शियम बांधून टाकतो आणि स्वतःचं पोटॅशियम रक्तात मिसळतो. तेव्हापासून आम्ही हिरव्या झाकणाचीच, हेपरिनची नळी वापरतो; हेपरिनही रक्त गोठू देत नाही, पण कॅल्शियम असं बांधत नाही.

एका बाबतीत मात्र मी चुकलो, आणि ते तुमच्या प्रतिक्रियेमुळेच लक्षात आलं. आहाराचा उल्लेखच मी केला नव्हता. त्या पंधरवड्यात त्याला बहुतेक म्हाकूल (स्क्विड) आणि काटे काढलेला बांगडा मिळत होता. म्हाकुलात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. दोष एकट्या वयावर टाकणं बरोबर नव्हतं. आता काट्यांसकट मासळी आणि शेवाळ सुरू केलंय. पुढच्या नमुन्यात यूरिक ॲसिडही तपासून घेतो, म्हणजे मूत्रपिंडाचा थोडा अंदाज येईल. लांबी, वजन आणि आहाराच्या नोंदीसह सगळे आकडे इथेच टाकतो.