नमन आहे? मग हॉल नाही

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट मोठी होणार. ज्याला कंटाळा येईल त्याने खुशाल पुढे जावं.

गावच्या मुंबईकर मंडळाचा प्रयोग लावायचाय म्हणून सकाळी एका नाट्यगृहाला फोन केला. नाव लिहीत नाही, उगाच उद्या तिकडे पाय ठेवायची पंचाईत. तारीख होती, भाड्याचं बोलणं पण झालं, आणि मग साहेबांनी विचारलं नाटक कोणतं. म्हटलं नाटक नाही, बहुरंगी नमन आहे, आमची कोकणातली लोककला. तर म्हणे, "नको हो, ते पायात घुंगरांचे चाळ बांधून नाचतात, स्टेजची वाट लागते. आणि पब्लिक पण तसलंच येतं."

तसलंच म्हणजे आम्ही. संगमेश्वर, लांजा, राजापूर साइडचे. नालासोपारा, विरार, दिव्यातून येणारे, पोरंटोरं घेऊन, म्हातारीचा हात धरून.

दामोदर असताना हे असलं कधी ऐकावं लागलं नाही. परळचं दामोदर नाट्यगृह, १९२२ सालचं, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगचं. म्हणजे गिरणी कामगारांसाठी आयुष्य घालवलेल्या माणसाच्या संस्थेचं थिएटर. तिथे कामगारांची हौशी नाटकं झाली, दशावतार झाले, शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन पक्षांच्या सवाल-जवाबाच्या गाण्यांचे सामने तर अख्खी रात्र गाजायचे. कुणी विचारलं नाही पब्लिक कसलं येतं ते. पब्लिक समोरच्या चाळीतूनच यायचं ना!

माझे बाबा गिरणीत सांचा खात्यात, म्हणजे मागावर होते आणि नमनात गौळणीतली मावशी करायचे. आईचं लुगडं नेसून. आई आधी बजावायची, फाडून आणू नका, एकच धड आहे. मी विंगेत टाचण्या घेऊन उभा. मृदुंगावर थाप पडली की हा माणूस जो कंबर हलवत एंट्री घ्यायचा, की घरी आमच्यावर डोळे वटारणारा तो हाच का असा प्रश्न पडायचा. प्रयोग संपवून घरी येऊन दोन तास पडायचं आणि सकाळी पहिल्या पाळीला हजर. डोळ्यातलं काजळ निघालेलं नसायचं, मग खात्यात दिवसभर "काय मावशी" सुरू. चिडायचे नाहीत, उलट मजा यायची त्यांना.

आणि हे काही नुसतं हौस-मौज नव्हतं हो. तिकिटं घरोघर जाऊन खपवायची, जमलेल्या पैशातून गावच्या देवळाचा सभामंडप, शाळेची कौलं, कुणाचं ऑपरेशन. आजही तसंच चालतं. कुठली ग्रँट, कुठला स्पॉन्सर? पोस्टरवर एखाद्या नगरसेवकाचा फोटो छापायचा, तेवढीच काय ती मदत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे काय झालं ते इथल्या निम्म्या लोकांना घरातच माहितीय. पण नमन थांबलं नाही. घरात रोज पिठलं-भात, आणि बाबा स्टेजवर कृष्णाच्या सवंगड्याला, पेंद्याला विचारतायत, "काय रे, मथुरेच्या बाजाराला निघालास, पण मथुरेची गिरणी चालू हाय का?" अख्खं थिएटर हसलं आणि मग बराच वेळ टाळ्याच. संहितेत नव्हतं ते. मी विंगेतून बघत होतो, पुढच्या रांगेत बाबांच्याच खात्यातले लोक, हसताहेत आणि डोळे पुसताहेत. आता ह्याला कुठल्या आर्ट गॅलरीत ठेवणार सांगा.

लालबागचं हनुमान थिएटर गेलं, तमाशा गेला त्याच्याबरोबर. दामोदर २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झालं, पुनर्विकास. नाटकवाले आणि कोकणातले लोककलावंत दोघंही रस्त्यावर उतरले होते तेव्हा. हो, बिल्डिंग जुनी झाली होती, दुरुस्ती लागणारच होती, मान्य. पण दुरुस्ती आणि आमची सोय बंद ह्या दोन गोष्टी एकच कशा झाल्या? परळ स्टेशनवरून चालत, वेस्टर्नवाल्यांना प्रभादेवी, रात्री प्रयोग सुटला की धावत शेवटची लोकल. आता काय, मॉलमधल्या ऑडिटोरियमचं भाडं भरायचं? आमचं एक तिकीट म्हणजे तिथला एक पॉपकॉर्न.

एक जण म्हणाला यूट्यूबवर टाका ना, जगभर बघतील. टाकतो की, बघतात पण. पण यूट्यूबवर तिकीट खपत नाही, आणि समोर माणूस नसेल तर मावशी कुणाला डोळा मारणार?

बरं, आमच्यातही हल्ली काही मंडळी डीजे लावून सिनेमाची गाणी घुसवतात, ते मलाही आवडत नाही. पण त्यावरून सगळ्यांनाच दार बंद? प्रायोगिकवाल्यांचं वाईट नाटक पडलं तर कोण त्यांना हॉल नाकारतं?

लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्या फोनवरच्या माणसाचंही गाव बहुतेक कोकणातलंच, आडनावावरून तरी तसं वाटलं. त्यालाही वरून कुणीतरी सांगितलं असणार. त्याचं सोडा.

आमची पोरं तयार आहेत. मावशी आता माझा पुतण्या करतो, आयटीत आहे, शनिवार-रविवार तालमी. दादर ते ठाणे पट्ट्यात स्टेशनजवळ, रात्रीचा प्रयोग आणि पायातले चाळ दोन्ही चालणारा हॉल कुणाला माहीत असेल तर इनबॉक्स करा. शाळेचा हॉल असला तरी चालेल, स्टेज लाकडीच पाहिजे असं काही नाही. आणि तिकीट घ्यायला लागेल, फुकट पास कुणी मागू नये, अगदी नातेवाईकांनी सुद्धा.