आठ लाख बाटांचं न दिसणारं भाडं

मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले, तेव्हापासून निवृत्तीचा विषय प्रत्येक घरात चघळला जातोय. ईपीएस-९५ वाल्यांची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतल्या नोकरदारांची, किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपयांवर खिळलेली. सरकारी माणसाला शेवटच्या पगाराच्या निम्मी हवी. या वादाला हल्ली एक फाटा फुटलाय: "पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊ आणि थायलंडच्या चिआंग माईला जाऊन राहू, तिथं स्वस्त पडतं." पडतं, नाही असं नाही. पण हा झाला महिन्याच्या खर्चाचा हिशेब, आणि तो खर्च थायलंडचं इमिग्रेशन विचारतच नाही. किती पैसे किती दिवस हात न लावता ठेवाल, एवढंच ते विचारतं.

नियम वरवर सोपा आहे. वय ५० पूर्ण हवं. आधी ९० दिवसांचा नॉन-इमिग्रंट 'ओ' व्हिसा, मग निवृत्तीच्या कारणावर एकेक वर्षाची मुदतवाढ. त्यासाठी थाई बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाट (थायलंडचं चलन), किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न, किंवा ठेव आणि वर्षाचं उत्पन्न मिळून ८ लाख. बाट अडीच-पावणेतीन रुपयांना धरला तर ६५,००० म्हणजे महिना एक लाख साठ हजारांच्या वर. सातव्या वेतन आयोगात केंद्राची सर्वात मोठी मूळ पेन्शनच १,२५,००० रुपये आहे. महागाई भत्ता धरून एखादा सचिव या रेषेपलीकडे जाईल. जुनी पेन्शन उद्या परत आली तरी जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला हा मार्ग उघडत नाही. तेव्हा आपल्या बहुतेकांसाठी वाट एकच, ८ लाखांच्या ठेवीची.

ही रक्कम वीसहून अधिक वर्षं बदललेली नाही. बदलला तो आपला रुपया. १९९८ च्या सुमारास बाट आणि रुपया जवळपास बरोबरीचे होते, डॉलरला दोघेही एकेचाळीसच्या आसपास. तेव्हा ८ लाख बाट म्हणजे ८ लाख रुपयेच. आज वीस-बावीस लाख.

आता तारखा. बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. मार्च २०१९ पासून नियम असा: अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात पूर्ण ८ लाख, मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण ८ लाख, आणि उरलेल्या काळात कधीही ४ लाखांच्या खाली नाही. समजा मुदत १५ नोव्हेंबरला संपते आणि अर्ज २० ऑक्टोबरला करायचा आहे. दोन महिने मागे मोजायचे ते अर्जाच्या तारखेपासून. १५ नोव्हेंबर धरून मोजलंत तर चुकलंत. म्हणजे पैसे २० ऑगस्टला असलेच पाहिजेत, शहाण्याने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच ठेवावेत. पुढचे तीन महिने मंजुरीपासून मोजले तर २० जानेवारीला संपतात; पण अधिकाऱ्याने नव्या मुदतीपासून मोजले तर १५ फेब्रुवारी. लांबची तारीख धरावी. मग हाती काय उरलं? फेब्रुवारीचा मध्य ते ऑगस्टची सुरुवात, सहा महिन्यांहूनही कमी, आणि तेही फक्त वरचे ४ लाख. खालच्या ४ लाखांना इथे थायलंडमध्ये राहताय तोवर हात लावायचा नाही.

अगदी ८,००,००० ठेवणं हा तर वेडेपणा. डेबिट कार्डाची वार्षिक फी बँक न विचारता कापते, शिल्लक ७,९९,७०० होते आणि वर्षभराच्या पासबुकात तो एकच आकडा अधिकाऱ्याच्या बोटाखाली येतो. वर दहा-वीस हजार असू द्यावेत. त्याहून बरं म्हणजे व्हिसाचं खातं वेगळंच काढावं, त्याला कार्ड जोडू नये आणि वीजबिल, भाजी, रिक्षा सगळं दुसऱ्या खात्यातून चालवावं. संयुक्त खातं तर नकोच: बऱ्याच ठिकाणी ते मानत नाहीत, काही ठिकाणी निम्मंच धरतात.

अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन शंभर बाट भरावेत, पासबुक छापून घ्यावं आणि त्याच दिवसाचं बँकेचं पत्र घ्यावं. पत्रातली शिल्लक आणि पासबुकाची शेवटची ओळ तंतोतंत जुळली पाहिजे, शंभर बाट भरायचे ते त्यासाठी. कुठलं इमिग्रेशन कार्यालय आठवडाभर जुनं पत्र चालवतं, कुठलं त्याच दिवसाचं मागतं. बँकॉकच्या चेंग वत्तना कार्यालयात चाललं ते पट्टायाच्या जोमतिएन कार्यालयात चालेलच असं नाही. वर्षभराचं स्टेटमेंट लागणार असेल तर आधीच मागून ठेवावं, ते बऱ्याचदा बँकेच्या मुख्य कार्यालयातून येतं. बाकी गठ्ठा ठरलेला: मुदतवाढीचा टीएम.७ फॉर्म, फोटो, पासपोर्टच्या आणि पासबुकाच्या प्रती प्रत्येक पानावर सही करून, राहत्या पत्त्याची नोंद केल्याची टीएम.३० पावती, भाडेकरार, फी १,९०० बाट.

मराठी माणसाची खास अडचण नावाची. पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या ओळीत. बँकेतली मुलगी मधलं नाव गाळून खातं उघडते आणि वर्षभराने काउंटरवर प्रश्न येतो, हा माणूस तोच कशावरून? खातं उघडतानाच पासपोर्टाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावं.

दुसरी अडचण लग्नाची. नवऱ्याच्या ८ लाखांवर बायको अवलंबित म्हणून राहू शकते, तिला वेगळी ठेव लागत नाही. मात्र विवाह प्रमाणपत्र लागतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात लग्न झालेल्या किती जोडप्यांकडे ते असतं? पत्रिका असते, कार्यालयाची पावती असते, अल्बम असतो. महाराष्ट्रात जुन्या लग्नाचीही नोंदणी उशिरा करता येते. ती निघण्याआधीच करून साक्षांकन उरकावं, इथं येऊन धावपळ केली तर बायकोच्या मुदतीचे दिवस जळतात.

पैसे भारतातून आणतानाही चिमटा बसतो. निवासी भारतीयाला एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण या कारणासाठी दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. बावीस लाख एका दमात पाठवले तर २ लाख ४० हजार आधी जातात. रिटर्न भरल्यावर ते परत मिळतात किंवा करात वळते होतात, तोवर मात्र अडकले. अर्धी रक्कम मार्चअखेर आणि अर्धी एप्रिलमध्ये पाठवली की चिमटा बराच सैल होतो. रक्कम बँकेतूनच पाठवावी आणि परदेशातून पैसे आल्याचं थाई बँकेचं पत्र जपून ठेवावं.

आता खऱ्या भाड्याकडे येऊ. हेच बावीस लाख घरी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला १ लाख ८० हजार व्याज आलं असतं, महिना पंधरा हजार. इथल्या बचत खात्यात मिळतं ते जेमतेम चहापुरतं. म्हणजे चिआंग माईच्या घरभाड्यात हे पंधरा हजार आणखी धरा. याला दुसरी बाजू आहे, ती लपवू नये: सत्तावीस वर्षांत बाट रुपयाच्या अडीचपट झाला, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. मुद्दल रुपयांत मोजलं तर नुकसान तितकं मोठं नाही. पण ते मुद्दल तुमच्या हयातीत मोकळं होईलच असं नाही. थाई बँकेत आपल्यासारखं नॉमिनेशन नसतं. खातेदार गेला की वारसांना कोर्टातून मालमत्तेचा प्रशासक नेमून घ्यावा लागतो. इथल्या पैशांपुरतं वेगळं थाई मृत्युपत्र करून ठेवणं हाच त्यावर उपाय.

एजंटांबद्दल एवढंच. ठरावीक रक्कम घेऊन खात्यात आठ लाख 'दाखवून' देणारे प्रत्येक शहरात भेटतात. पैसे दोन दिवस येतात आणि जातात, पासबुकात तो आला-गेला कायमचा छापला जातो, आणि पुढच्या वर्षी खरे पैसे घेऊन गेलात तरी अधिकारी मागचं पान उलटतो.

पासपोर्टाची मुदतही बघावी. तो आठ महिन्यांत संपणार असेल तर मुदतवाढ आठच महिन्यांची, फी मात्र पूर्ण. आणि गणपतीला घरी जायचं असेल तर निघण्याआधी रिएंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, घ्यायचं: एकदाच जाणाऱ्याला १,००० बाट, वर्षभर ये-जा करणाऱ्याला ३,८००. ते न घेता विमानात बसलात तर त्याच क्षणी वर्षभराची मुदतवाढ संपली. परत आल्यावर आठ लाख खात्यात तसेच असतील, तुम्ही मात्र साधे पर्यटक.