अम्हारांना न विचारता आखलेला नकाशा

इथिओपियातल्या अम्हारा लोकांवर आज जी वेळ आली आहे, तिचं मूळ शोधताना बहुतेक जण 2020 च्या तिग्राय युद्धापाशी थांबतात. मला ते पटत नाही. मूळ 1991 ते 1995 च्या अंतरिम सरकारात आहे. तिथे निर्णय ज्या क्रमाने घेतले गेले, तो क्रमच अन्यायाचा होता.

मे 1991 मध्ये लष्करी हुकूमशहा मेंगिस्तू झिम्बाब्वेला पळाला आणि आठवड्याभरात तिग्रायन संघटनेच्या नेतृत्वाखालच्या, बंडखोरांच्या ईपीआरडीएफ आघाडीने राजधानी अदिस अबाबा ताब्यात घेतली. जुलैच्या पहिल्याच आठवड्यात परिषद भरली, अंतरिम सनद मंजूर झाली आणि 87 जागांचं प्रतिनिधी मंडळ ठरलं. ईपीआरडीएफला 32 जागा, ओरोमो मुक्ती आघाडीला 12. उरलेल्या बऱ्याचशा लहानमोठ्या वांशिक संघटनांना. देशातल्या दोन सर्वांत मोठ्या समाजांपैकी एक असलेल्या अम्हारांच्या नावाने मात्र तिथे कोणीच बसलेलं नव्हतं.

याचं कारण समजून घ्यायला हवं. शिकलेल्या अम्हारांचं राजकारण तोवर ईपीआरपी, मेइसोन अशा अखिल इथिओपियन पक्षांतून चालत होतं, आणि या दोन्ही पक्षांना परिषदेबाहेर ठेवलं गेलं. ईपीआरडीएफ आघाडीत ईपीडीएम हा पक्ष होता, त्याचे तमरात लायने पंतप्रधानही झाले. पण तो पक्ष स्वतःला बहुवांशिक म्हणवत होता. त्याने ‘अम्हारा’ हे नाव घेतलं 1994 मध्ये. तोपर्यंत सनद येऊन गेली होती, 1992 च्या फर्मानाने 14 प्रदेशांचा नकाशाही ठरला होता. म्हणजे सीमा आधी आणि प्रतिनिधी नंतर, तोही सत्ताधारी आघाडीच्याच घरातला.

बाहेरून कोणी बोलू पाहिलं तर काय झालं, हे शल्यविशारद प्राध्यापक अस्रात वोल्देयेस यांच्याकडे पाहून कळतं. जुलै 1991 च्या परिषदेत ते विद्यापीठाचे प्रतिनिधी होते. एरिट्रियाच्या वेगळं होण्याचा प्रश्न असा परस्पर निकालात काढू नका, असं त्यांनी तिथे स्पष्ट सांगितलं. 1992 मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली समस्त अम्हारा जन संघटना उभी राहिली. 1993 मध्ये विद्यापीठातून चाळीसहून अधिक प्राध्यापकांना काढलं, त्यांत ते होते. 1994 मध्ये तुरुंग. प्रकृती पार ढासळल्यावर 1998 च्या अखेरीस उपचारांसाठी सोडलं आणि मे 1999 मध्ये ते अमेरिकेत वारले. त्याआधी, 1991-92 मध्येच, अर्सीतल्या अर्बा गुगू आणि हरारघेतल्या बेदेनोत अम्हारांच्या कत्तली झाल्या होत्या. जबाबदार कोण, यावर संघटना एकमेकांकडे बोटं दाखवत राहिल्या.

साम्राज्याच्या काळात दक्षिणेतल्या लोकांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या भाषा दाबल्या गेल्या, हे खरंच आहे. पण त्याचा हिशेब गोज्जाम आणि वोलो या अम्हारा भागांतल्या शेतकऱ्याकडून का मागायचा? 1968 मध्ये गोज्जामचे शेतकरी त्याच साम्राज्याच्या सम्राटाच्या, हैले सेलासीच्या, कराविरुद्ध उठले होते. 1973 च्या दुष्काळात वोलोतली माणसं त्याच राजवटीत उपाशी मेली. दरबाराची भाषा अम्हारिक होती म्हणून अम्हारिक बोलणारा प्रत्येक जण राज्यकर्ता ठरत नाही.

नकाशाचे परिणाम तर अगदी ठोस आहेत. गोंडार प्रांतातलं वोल्कैत आणि वोलोतले अलामाता-कोरेम तिग्रायला जोडले गेले. गोज्जाममधलं मेतेकेल बेनिशांगुल-गुमुझमध्ये गेलं. याच मेतेकेलात, पावे इथे, 1984 च्या दुष्काळानंतर दर्ग, म्हणजे मेंगिस्तूच्या लष्करी सरकारने वोलोतल्या लोकांना स्वतः नेऊन वसवलं होतं. त्या प्रदेशाच्या संविधानात बेर्ता, गुमुझ, शिनाशा, माओ आणि कोमो हे पाच समाज मूळचे म्हणून नोंदले आहेत. वसवलेले लोक त्यांत नाहीत. 1995 च्या निवडणूक कायद्यातल्या भाषेच्या अटीवर बोट ठेवून, मूळ समाजाची भाषा येत नाही म्हणून या वसवलेल्यांतल्या उमेदवारांना निवडणुकीला उभंच राहू दिलं नाही. 2003 मध्ये फेडरेशन सभागृहाने, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, प्रदेशाची कामकाजाची भाषा, म्हणजे अम्हारिक, येणं पुरेसं ठरवलं, पण तोवर निवडणूक होऊन गेली होती.

उलट, अम्हारा प्रदेशात ओरोमो, अवी आणि वाग हिमरा यांना स्वतंत्र झोन, म्हणजे स्वतःचा कारभार असलेले विभाग, आहेत, आणि ते योग्यच आहे. मग ओरोमियात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लाखो अम्हारांना तसा एकही झोन का नाही?

वोल्कैतचं उदाहरण सगळ्यात बोलकं. वांशिक ओळखीचा दावा करायचा तर 2001 च्या कायद्यानुसार आधी अर्ज प्रदेश सरकारकडे करावा लागे. त्याला निर्णयासाठी दोन वर्षं, त्यानंतर फेडरेशन सभागृह. म्हणजे आपण अम्हारा आहोत हे वोल्कैतच्या माणसाने मेकेलेतल्या तिग्राय सरकारकडून मान्य करून घ्यायचं! ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारात पहिला अर्ज.

तिग्राय युद्ध थांबवणाऱ्या नोव्हेंबर 2022 च्या प्रिटोरिया करारात हा वाद ‘संविधानानुसार’ सोडवायचं ठरलं. संविधानाचं कलम 48 वस्तीची रचना आणि लोकांची इच्छा हे निकष देतं, पण वस्ती कोणत्या वर्षाची धरायची ते सांगत नाही. 1991 च्या आधी तिथे असलेले अम्हारा, नंतर येऊन वसलेले तिग्रायन, आणि 2020 नंतर मारहाण करून हाकललेले तिग्रायन, या सगळ्यांचा प्रश्न मतदार यादीतच अडकलेला आहे. हाकललेल्यांना परत आणल्याशिवाय मतदान घेतलं तर ती 1991 चीच पुनरावृत्ती होईल, फक्त गैरहजर माणसं वेगळी असतील. म्हणून आधी परतणं, मग दोन्ही समाजांनी मिळून तपासलेली यादी आणि त्यानंतर मतदान, हाच क्रम हवा. तोही अदिस अबाबाने नेमलेल्या नाही, तर तिथल्या लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींसमोर.