आधी फरशी घासा हो!

पुन्हा तेच! गॅरेजच्या काँक्रीटवर इपॉक्सी, म्हणजे वाळून कडक होणारं फरशीचं कोटिंग, मारलं, चार दिवस चकाचक दिसलं आणि गाड्या उभ्या राहायला लागल्या तसे टायरखालचे पापुद्रे सुटायला लागले. लगेच सगळ्यांचं एकच, "माल खराब होता." अहो, बहुतेक वेळा माल नाही, खालची तयारी खराब असते!

काँक्रीट सच्छिद्र असतं. वर्षानुवर्षं सांडलेलं इंजिन ऑइल त्यात खोलवर मुरलेलं असतं. वरवर साबणाने पुसून थेट रोलर फिरवला, तर कोटिंग धरणार कशाला? आधी तेल काढणारं डीग्रीझर, मग ग्राइंडिंग म्हणजे मशीनने फरशी घासणं, मग व्हॅक्यूमने सगळी धूळ काढायची. नंतर पाण्याचे थेंब टाकून बघा. मुरले नाहीत, गोळा होऊन वरच बसले, तर तिथे अजून तेल किंवा जुना सीलर (छिद्रं बंद करणारा थर) आहे. मिनिटभराचं काम, पण तेही करवत नाही!

ओलाव्याचं तर विचारूच नका. नव्या काँक्रीटला साधारण 28 दिवस तरी द्यायला हवेत. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवला आणि खाली ओल धरली, तर थांबायचं. नाहीतर खालून येणारी वाफ कोटिंगला फोड आणतेच.

आणि ती घाई! पाऊल ठेवण्याइतकं वाळलं म्हणजे गाडी चढवण्याइतकं कडक झालं नाही. गरम टायर अर्धवट कडक झालेलं कोटिंग सरळ उचलून नेतो.

गाडीला रंग मारण्याआधी पत्रा घासावाच लागतो, हे ज्यांना पक्कं ठाऊक आहे, तीच माणसं फरशी घासायला टाळाटाळ का करतात?