‘अलाइनमेंट गेलंय, ड्राइव्ह टाकून द्या’ हा सल्ला चुकीचा आहे

जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या फ्लॉपी ड्राइव्हबद्दल एक सल्ला सध्या खूप फिरतोय. त्याचा सारांश असा: ड्राइव्ह फ्लॉपी वाचत नसेल तर हेडचं (फ्लॉपी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाचं) अलाइनमेंट, म्हणजे त्याची नेमकी जागा, गेलं समजा, खडखडाट होत असेल तर ती शेवटच्या घटका मोजतेय, सुटे भाग मिळत नाहीत, फ्लॉपीवरचा डेटा एव्हाना उडालेलाच असतो, तेव्हा ती भंगारात द्या आणि तिच्या जागी गोटेक, म्हणजे फ्लॉपीऐवजी यूएसबी पेन ड्राइव्हवरून चालणारं उपकरण, बसवा. हे वाचून लोक चांगल्या ड्राइव्ह खरंच फेकून देतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो. उदाहरण कमोडोर 64 या जुन्या घरगुती कॉम्प्युटरसोबतच्या 1541 या ड्राइव्हचं देतो. 1982 साली आलेली ही ड्राइव्ह मी सगळ्यात जास्त वेळा उघडली आहे.

आधी अलाइनमेंट. एक कोरी फ्लॉपी त्याच ड्राइव्हमध्ये फॉरमॅट करा, काहीतरी सेव्ह करा आणि परत लोड करून बघा. स्वतः लिहिलेलं वाचतेय, पण विकतच्या गेमच्या फ्लॉप्या वाचत नाही, असं झालं तर अलाइनमेंटवर संशय घ्यायला जागा आहे. फ्लॉपीवर डेटा ज्या वर्तुळांत लिहिला जातो त्या दोन ट्रॅकमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे हेड किंचित सरकलं तरी ते दुसऱ्याचं लिहिलेलं चुकवतं, स्वतःचं मात्र बरोबर सापडतं. पण स्वतःचं लिहिलेलंही वाचता येत नसेल, तर दोष बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

मामांनी 1986 साली इंग्लंडहून आणलेली 1541 माझ्याकडे आली ती ‘अलाइनमेंट गेलंय’ या शेऱ्यासकट. एका दुकानात तिचं हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरचे स्क्रू सैल करून मोटर फिरवूनही झाली होती. झाकण काढलं तेव्हा दिसलं की हेडच्या वरच्या दांडीला नमद्याचा तुकडाच नाही. तुरीच्या डाळीएवढा तो तुकडा फ्लॉपीला हेडवर दाबून धरतो. तो गळून आत तळाशी पडला होता. तो चिकटवला आणि हेड पुसलं, तेव्हा कापसाची पहिली काडी तपकिरी निघाली, तिसरी स्वच्छ. मूळ दोष एवढाच. अलाइनमेंट मात्र दुकानातल्या त्या फिरवाफिरवीने खरंच बिघडलं होतं आणि ते जुळवण्यात माझे दोन रविवार गेले. म्हणून कळकळीने सांगतो, त्या दोन स्क्रूंना हात लावायची वेळ सगळ्यात शेवटी येते, आणि आलीच तर आधी मोटरची मूळ जागा पेन्सिलने खूण करून ठेवा.

हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते. अल्कोहोल नमद्याला लागू देऊ नका. अमिगा या कॉम्प्युटरच्या ड्राइव्हसारख्या दोन हेडच्या ड्राइव्हमध्ये वरचं हेड पातळ पत्र्यावर तोललेलं असतं. ती दांडी फार वर उचललीत तर पत्रा वाकतो आणि मग खरंच इलाज उरत नाही. खरखरीत क्लीनिंग डिस्क शक्यतो टाळा. ज्या दांड्यांवरून हेड सरकतं त्यांच्यावरचं जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं, ते पुसून हलक्या तेलाचा पुसट हात द्या.

वेगही तपासा. फ्लॉपी फिरवणारी फिरकी मिनिटाला 300 फेऱ्यांनी फिरायला हवी. तळाच्या चाकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दोन कडी असतात, एक 50 हर्ट्झचं, दुसरं 60 चं. आपल्याकडे 50 चं बघायचं. चोक-स्टार्टरवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली ड्राइव्ह फिरवा. वेग बरोबर असेल तर पट्ट्या जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात, नसेल तर पुढे किंवा मागे सरकतात. मग मोटरच्या बोर्डावरचा प्रिसेट (वेग कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) अगदी किंचित फिरवायचा. एलईडी बल्बखाली याचा भरवसा नाही. आणि सांभाळून: 1541 चा ट्रान्सफॉर्मर आतच असतो, कवच काढल्यावर 230 व्होल्ट हाताशी येतात.

आता खडखडाट. 1541 मध्ये शून्य ट्रॅक, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते तो ट्रॅक, ओळखणारा सेन्सरच नाही. हेड कुठे आहे हे कळत नाही, म्हणून फॉरमॅट करताना किंवा वाचण्यात चूक झाली की ड्राइव्ह त्याला मागे रेटत नेऊन अडणीवर आपटते आणि तिथून मोजायला सुरुवात करते. 1978 च्या ॲपल डिस्क टू या ड्राइव्हमध्येही हीच रीत होती. म्हणजे आवाज हा रचनेचाच भाग आहे. सल्ल्यात एक अंश खरा आहे तो इथे: कॉपी होऊ नये म्हणून काही गेममध्ये मुद्दाम चुका पेरलेल्या असत, त्यामुळे हेड पुन्हा पुन्हा आपटे, आणि सुरुवातीच्या काही ड्राइव्हमध्ये मोटरच्या दांड्यावर नुसती दाबून बसवलेली पुली त्याने सरके.

सुट्या भागांचं म्हणाल तर ॲमस्ट्रॅड सीपीसी 6128 आणि स्पेक्ट्रम प्लस थ्री या जुन्या कॉम्प्युटरच्या तीन इंची ड्राइव्हचा नेहमीचा आजार म्हणजे रबरी पट्टा. तो सैल पडतो किंवा वितळून डांबरासारखा चिकटतो. नवा पट्टा मिळतो. जुन्याचा चिकटा पुलीवरून नीट खरवडणं हेच खरं काम.

गोटेक चांगली वस्तू आहे, अमिगा किंवा अटारी एसटी या कॉम्प्युटरला ती उत्तम चालते. कमोडोर 64 ला ती जोडताच येत नाही, कारण 1541 हा स्वतंत्र कॉम्प्युटरच आहे. तिचा स्वतःचा 6502 प्रोसेसर आहे, 2 केबी रॅम आहे. अनेक गेम भराभर लोड होण्यासाठी आपला कोड त्या प्रोसेसरवर चालवतात. 1541 ऐवजी जोडायची एसडी कार्डवाली साधी उपकरणं तिथे अडतात. आणि कपाटातली फ्लॉपी वाचायची झाली, तर यातलं कुठलंच उपकरण कामाचं नाही. त्याला ड्राइव्हच लागते.

राहता राहिला उडालेला डेटा. आपल्याकडे वेळ गेल्याने होतं त्याहून जास्त नुकसान पावसाळा करतो. फ्लॉपीच्या कवचातल्या खाचेतून आतल्या चकतीवर पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. हेड माखतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. मामांच्या चौदा फ्लॉप्यांपैकी अकरा पूर्ण वाचल्या गेल्या; एकीवर त्यांनी 1987 साली टाइप केलेला घरखर्चाचा हिशेब निघाला. बुरशीच्या तीन सिलिका जेलच्या पुड्यांसोबत वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. आधी एका निरुपयोगी फ्लॉपीचं कवच कापून चकती डिस्टिल्ड वॉटरने धुऊन बघणार आहे. ते जमलं की त्यांची पाळी.