लास्ट किती?

सोसायटी पुनर्विकासाला गेली की पहिलं भांडण कार्पेट एरियावरून होतं, दुसरं पार्किंगवरून आणि तिसरं घरातल्या घरात, सामानावरून. आमच्याकडे पहिली दोन कित्येक वर्षं चालली. बिल्डर बदलले, वकील बदलले, सेक्रेटरी तर इतके बदलले की शेवटी पाळी आमच्या ह्यांच्यावर आली. मग एकदाचा करार झाला आणि जागा रिकामी करून द्यायची तारीख ठरली. नवी इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या वन बीएचकेत राहायचं, म्हणजे निम्मा संसार मोडीत काढणं आलं. मुलगा फ्रँकफर्टहून म्हणाला, "आई, टेन्शन कशाला घेतेस? विकून टाक. आजकाल सगळं ऑनलाइन विकलं जातं."

हे वाक्य फक्त तीच माणसं म्हणू शकतात, ज्यांचं स्वतःचं सामान आईवडिलांच्या माळ्यावर असतं.

आमची इमारत पुण्यातली, 1984 सालची. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे, एकाच सुमाराला संसार मांडलेले, त्यामुळे प्रत्येकाकडे तेच सामान: हॉलमध्ये सरकत्या काचांचं शोकेस, आत राजस्थानी बाहुल्या आणि कन्याकुमारीचे शंख, बेडरूममध्ये गोदरेजचं कपाट, खिडकीखाली सनमायकाचा दिवाण, त्याच्या पोटात गाद्या. आणि हे सगळं बारा घरांनी एकाच महिन्यात विकायला काढलेलं! कांद्याचा भाव कसा पडतो ते मी तेव्हा शिकले. कपाट बघायला आलेला माणूस जिन्यातून वर चढता चढताच सांगायचा, "खालचे काका दोन हजारला देतायत." खालचे काका, ज्यांच्या मुंजीत मी पुरणपोळ्या लाटल्या होत्या. म्हणजे त्यांच्या मुलाच्या मुंजीत. रागात माणसाचं व्याकरण जातं.

तर, ॲपवर जाहिरात टाकली. फोटो टाकल्याबरोबर फोन टिंग टिंग वाजू लागला आणि आम्हाला वाटलं, अरे, झुंबड उडाली की. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "अव्हेलेबल?" हो म्हटलं की दुसरा प्रश्न: "लास्ट किती?" नमस्कार नाही, चमत्कार नाही, वस्तू पाहिलेली नाही, लांबीरुंदी विचारलेली नाही, थेट लास्ट! आपण मोठ्या मनाने आठचे सात करावेत, तर पलीकडे सामसूम. तो माणूस पुन्हा कधीही बोलत नाही. एकाने रात्री साडेअकराला शोकेसच्या बदल्यात जुना मोबाइल देऊ केला. दुसऱ्याने तीच जाहिरात बघून, "सोबत बाहुल्या आहेत का?" असं विचारलं. बाहुल्या हव्यात म्हणून नव्हे. बाहुल्या काढून ठेवल्यावर आतली जागा पुसलेली आहे ना, हे त्याला जाणून घ्यायचं होतं.

पण खरी अडचण गिऱ्हाइकांची नव्हती, विक्रेत्याची होती. आमच्या ह्यांनी सरकारी नोकरीत हयात काढली आणि तिथे काही शिकले नाहीत. एखादं जोडपं सोफा बघायला यावं, बाईंना तो आवडावा, बसून बघावा, हातावर हात फिरवावा, इतक्यात हे चष्मा पुसत पुढे होणार. "एक सांगून ठेवतो. याचा डावा पाय हलतो. मी तिथे पुठ्ठा घालतो, तो बरोबर देईन. आणि मधल्या गादीखाली एक स्प्रिंग आहे, ती पावसाळ्यात आवाज करते." बाई टुणकन उठायच्या. मी स्वयंपाकघरातून डोळे वटारले की हे म्हणायचे, "अगं, उद्या त्यांना त्रास झाला तर आपल्याला शिव्या देतील." देऊ देत की! आपण तेव्हा दुसऱ्या पत्त्यावर असणार.

दिवाणाला मात्र एक गिऱ्हाईक न बघताच पटलं. आपण फौजी आहोत, पुण्यात बदली झालीय, घासाघीस करणार नाही, असं तो म्हणाला. हे तर फोनवरच ताठ उभे राहिले. "जवानाकडून पैसे घ्यायचे? निम्म्यात देऊ." त्या जवानाने ओळखपत्राचा फोटो पाठवला, कँटीन कार्ड पाठवलं, आणि मग क्यूआर कोड पाठवला. "मॅडम, आर्मी का सिस्टीम अलग होता है. आप स्कॅन करो, पिन डालो, पैसा आपके खाते में आ जाएगा." मी बँकेतून रिटायर झालेली बाई. पैसे यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो जायला, हे मी काउंटरवर किती म्हाताऱ्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं असेल, आणि हा मला म्हातारी समजून तोच खेळ शिकवत होता. मी त्याला म्हटलं, "बेटा, पिन आठवत नाहीये. तू दिवाण न्यायला येशील तेव्हा रोखच दे, जेवूनच जा." त्याने फोन ठेवला. हे दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. त्यांच्या मते शंभरातला एखादा खरा असतो, आणि मी नेमका तोच घालवला.

ऑनलाइनचा नाद सोडून मग पितळेकडे वळले. लग्नातली भांडी, सासूबाईंची भांडी, त्यांच्या सासूबाईंची भांडी. सगळी माळ्यावर, गोणपाटात. घंगाळ, हंडे, कळशा, परात, आणि तांब्याचा बंब. रिक्षात बंब मांडीवर घेऊन बोहरी आळीत जाणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे. रविवार पेठेत शिरेपर्यंत मांडीचा जो रंग होतो तो दोन धुण्यांनी जात नाही.

दुकानदार जुना, मऊ बोलणारा. त्याने घंगाळ उचललं, बोटाने टिचकी मारली, उलटं करून बुडाला डाग दिलेला बघितला. कड्या लोखंडी निघाल्या. छिन्नीचे दोन घाव, कड्या बाजूला. बंबाची जाळी लोखंडी, ती बाजूला. तोटी पितळेची, ती तांब्यात धरता येत नाही, ती वेगळ्या ढिगात. ज्या बंबाने आमच्या चार पिढ्यांच्या दिवाळीच्या आंघोळी पार पडल्या, त्याचे पाच मिनिटांत तीन ढीग. मग त्याने परात तराजूवर ठेवली आणि तिच्या काठावरची अक्षरं मोठ्याने वाचली, "चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम भेट." माझ्या मामाचं पूर्ण नाव आणि तारीखही होती.

"नाव आहे हो त्यावर," मी म्हटलं.

"काळजी नका करू, ताई. नावाचे पैसे कापत नाही आम्ही."

परात परत घेऊन आले. मामाची एवढी एकच. आत्याने दिलेले तीन हंडे मात्र मी शांतपणे मोडीत घातले. आत्याचं आणि माझं कधी पटलं नाही.

जरीच्या साड्यांचंही तसंच. जुन्या जरीच्या साड्या घेणारे पेपरात जाहिरात देतात, भाव चांगला देतात. माझ्या शालूचा पदर एकाने बोटांत चोळून बघितला, नखाने एक तार सोडवली, काडेपेटी ओढून तिच्यावर धरली. रेशीम जळून गेलं, उरलेली तार त्याने निरखून पाहिली. जर खरी होती. मला अभिमान वाटला खरा, पण पुढे तो म्हणाला, "आख्खी साडी अशीच जाळतो आम्ही, चांदी काढायला." शालू अजून माझ्याकडे आहे. विकायला काढलेल्या वस्तूंपैकी निम्म्या अशाच परत आल्या आहेत आणि आता त्यांच्याबद्दल माझं ह्यांना उत्तर तयार असतं: भाव आला नाही.

बोहारणीचा मार्ग मी आधीच बाद केला होता. कपडे देऊन घर रिकामं करायला जावं, तर ती चार पँटी आणि दोन साड्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं टेकवणार. "वैनी, हिची चेन गेलीया," म्हणत एक पँट परत करणार ती निराळीच. म्हणजे घरात पातेलं आलं आणि पँटही राहिली.

ह्यांचा प्राण विश्वकोशात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला आणि विसावा यायला 2015 उजाडलं. तेवढ्या काळात आमचं लग्न, मुलगा, त्याची शाळा, इंजिनिअरिंग, व्हिसा, सगळं उरकलं. हे मात्र नेमाने पुढच्या खंडाची चौकशी करत राहिले. एका वाचनालयाने हात जोडले: जागा नाही. रद्दीवाला तागडी घेऊनच आला. वर्तमानपत्राचा भाव चौदा रुपये किलो, पण याला तेवढाही नाही. का, तर बाइंडिंग. पुठ्ठा वेगळा विकावा लागतो, कागद वेगळा. "कसं करतात दाखवतो," असं म्हणून त्या मुलाने एक खंड गुडघ्यावर आडवा ठेवला आणि पाठीवर अंगठे रोवले.

मी ह्यांना उभ्या आयुष्यात एवढ्या चपळाईने उठताना पाहिलेलं नाही.

"काका, हे सगळं मोबाइलवर फुकटात वाचायला मिळतं," मुलगा कळवळून म्हणाला. खरंच आहे ते, पूर्ण विश्वकोश इंटरनेटवर आहे. पण मोबाइलवर वाचता येतं म्हणून कुणी पुठ्ठा उपटावा का?

बजाज चेतकच्या बाबतीत तर हे मुलीचं स्थळ पाहावं तसे वागले. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली स्कूटर. हल्ली तरुण मुलं जुन्या चेतक हौसेने घेतात, रंग देतात, फोटो काढतात, त्यामुळे गिऱ्हाइकं भरपूर होती. पण एकाने चोक न ओढता किक मारली, तो नापास. एकाने "बुलेटसारखा आवाज करता येईल का?" विचारलं, त्याला चहासुद्धा मिळाला नाही. अखेर निगडीचा एक मुलगा आला. त्याने काही न बोलता गाडी हँडलला धरली, अलगद स्वतःकडे तिरकी केली, सरळ केली आणि मगच किक मारली. ह्यांचे डोळे भरून आले. आरटीओचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म ह्यांनी कधीचे भरून ठेवले होते, दोन-दोन प्रतींत. भाव मात्र मुलाने सांगितला तोच झाला. लास्ट किती, हे विचारायची त्याला गरजच पडली नाही.

आणि पैसा कशात मिळाला? तर लोणच्याच्या बरणीत! कॅफे काढणारी एक मुलगी शोकेस बघायला म्हणून आली. शोकेसकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. तिची नजर स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गेली. चिनी मातीच्या दुरंगी बरण्या, एकीला झाकण नाही, एकीचा काठ उडालेला. "आँटी, या देणार?" मी त्या भंगारवाल्याला फुकट देणार होते, त्यानेही नको म्हटलं होतं. तिने सांगितलेला आकडा मला दोनदा विचारून घ्यावा लागला. मग तिने इनॅमलचा टवका उडालेला मग घेतला, कंदील घेतला, पाटा-वरवंटाही घेतला. वरवंटा ती कुठे मांडणार ते मी विचारलं नाही. सगळ्या सागवानी फर्निचरचे मिळून जेवढे आले नाहीत तेवढे एका फुटक्या ओट्याखालून निघाले. हे तिला सांगायला तोंड उघडणार होते, "त्या बरणीला तळाशी एक चीर..." एवढ्यात मी त्यांना खाली रिक्षा बघायला पाठवलं.

मुलाला व्हिडिओ कॉलवर मोठ्या उत्साहाने रिकामी खोली दाखवली. तो खूश झाला. "बघ, जमतं की नाही? मिनिमल राहायचं." मग त्याला कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला कॅरम बोर्ड दिसला आणि त्याचा आवाज बदलला.

"तो नाही हां विकायचा."

"अरे, एका कोपऱ्याची जाळी फाटलीय. सोंगट्याही पुऱ्या नाहीत."

"आई, प्लीज. माझा आहे तो."

माळ्यावर त्याची स्टॅम्पची वही, दहावीची जर्नल्स आणि ज्याची बॅट मोडलीय असा क्रिकेटचा किटही आहे. तोही त्याचाच आहे. तिकडे न्यायचं नाही, इकडे विकायचं नाही. ह्यांच्याकडे मिक्सरपासून मॉडेमपर्यंत प्रत्येक वस्तूचा मूळ खोका जपलेला आहे, त्यातले काही खोके वस्तू गेल्यावरही आहेत. स्वभाव कुठून आला ते सांगायला नको.

गोदरेजचं कपाट शेवटपर्यंत गेलं नाही. दर ठरला होता पंधराशे, पण तिसऱ्या मजल्यावरून उतरवायची हमाली बाराशे. खालच्या काकांचंही राहिलं, त्यांच्या वरच्यांचंही. इमारत पाडणाऱ्या ठेकेदाराचा माणूस दारं, खिडक्या, ग्रिल मोजायला आला तेव्हा प्रत्येक घरात एकेक कपाट उभं. त्याने वहीत नोंद केली, "कपाट, लोखंडी, नग बारा," आणि जाता जाता विचारलं, "चाव्या आहेत का?"

ह्यांनी चाव्या दिल्या. आत एक चोरकप्पा आहे, त्याचं कुलूप अडकतं, चावी अर्धी बाहेर ओढून फिरवावी लागते, हेही सांगितलं. तो बिचारा म्हणाला, "काका, आम्ही ते गॅस कटरने कापतो." हे म्हणाले, "तरी पण. माहीत असावं."